जड पाणी

आमच्या गावात पाण्याच्या दोन जागा आहेत. एक देवळामागची जुनी विहीर. दुसरी माळावरची बोअर. दोन्हींचे पाणी दिसायला स्वच्छ. चवीलाही बरे. पण गावातल्या जुन्या बायका डाळ शिजवायची असली की विहिरीवरच जात. बोअरचे पाणी दाराशी नळाला येत असले तरी त्या एक घागर विहिरीची आणून ठेवीत. कोणी विचारले तर म्हणत, "त्या पाण्यात डाळ शिजत न्हाई बघा. जड हाय ते."

मी चाळीस वर्षे शाळेत मुलांना शिकवले, पण या बायकांनी पाण्याची जी परीक्षा केली होती ती मला बरीच उशिरा समजली. ती कशी समजली ते आधी सांगतो.

आमच्या गल्लीत एक सून लग्न होऊन आली. माहेर तिचे पंचगंगेच्या काठचे. मुलगी कामाला चांगली. पण पहिल्याच आठवड्यात घरात धुसफूस सुरू झाली. तुरीची डाळ दोन-दोन तास चुलीवर राहिली तरी दाणा टचटचीत. धुतलेली धोतरे करड्या रंगाची दिसू लागली. साबणाची वडी आठवड्यात संपू लागली. सासू म्हणाली, "हिला काही येत नाही. आईने काही शिकवलं नाही." पोर बिचारी रडायची. म्हणायची, "आत्या, माहेरी मीच करत होते सगळं. तिथं डाळ अशी कधी राहिली नाही."

दोघींचे भांडण माझ्या ओट्यावर आले. सासूबाई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच न्याय करा."

मी न्याय काय करणार? मी घरातून काचेच्या दोन सारख्या बाटल्या आणल्या. एकीत पावसाचे पाणी घातले. ते आमच्याकडे पिंपात साठवलेले होते. दुसरीत बोअरचे पाणी घातले, तेवढेच. धुण्याच्या साबणाच्या वडीचा कीस केला आणि दोन्हींत चिमूट-चिमूट टाकला. मग दोन्ही बाटल्या दहा-दहा वेळा जोराने हलवल्या. पावसाच्या पाण्याची बाटली फेसाने गळ्यापर्यंत भरली. बोअरच्या बाटलीत फेस नाहीच. वर नुसता पांढरा, दह्याच्या चोथ्यासारखा साका तरंगू लागला.

सासूबाई बराच वेळ त्या बाटलीकडे पाहत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः विहिरीचे पाणी आणून सुनेला दिले.

ही परीक्षा तुम्हीही घरी करून पाहा. एकच लक्षात ठेवा. साबण जुन्या पद्धतीच्या वडीचा पाहिजे. पुड्यातली धुण्याची पावडर घेऊ नका. ती पावडर म्हणजे साबण नव्हे. ती जड पाण्यातही फेस देते, आणि मग परीक्षा फसते. बोअरच्या पाण्याबरोबर तोलायला पावसाचे पाणी नसले, तर गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणीही चालते.

पाणी जड कशाने होते?

ढगातून पडते तेव्हा पावसाच्या पाण्यात जवळजवळ काहीच नसते. पण पडता पडता ते हवेतला एक वायू आपल्यात घेते. या वायूचे नाव कार्बन डाय-ऑक्साइड. आपण श्वास सोडतो तेव्हा हाच वायू बाहेर पडतो. सोड्याच्या बाटलीत जो फसफसतो तोही हाच. पाणी जमिनीत मुरते तेव्हा हा वायू त्याला आणखी मिळतो, कारण झाडांची मुळे आणि मातीतले बारीक जीवही श्वास सोडतात. असे हे पाणी किंचित आंबट होते. जिभेला कळणार नाही इतके थोडे. पण दगडाला ते कळते.

आपल्या काळ्या रानात नांगर चालवताना पांढरे खडे निघतात. ती चुनखडी. खाली काळा पाषाण आहे, त्यातही चुन्याचा आणि मॅग्नेशियमचा अंश आहे. आंबट पाणी हा अंश विरघळवते आणि बरोबर घेऊन जाते. पाणी जितके खोल आणि जितके दिवस दगडात राहील, तितका अंश बहुधा वाढतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरचे पाणी जड असते. पण हा काही नियम नव्हे. उलटेही आढळते.

पाण्यात मिसळलेला हा चुना साबणाला धरतो आणि त्याचा चिकट साका करतो. सगळा चुना साबण खाऊन तृप्त झाला की मग उरलेल्या साबणाचा फेस होतो. म्हणजे आधी चुन्याला वाढायचे आणि मग कपड्याला! शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात. आपण जड पाणी म्हणू. आपल्या बायकांचा शब्द काही वाईट नाही.

किती साबण वाया जातो, याचे गणित करता येते. समजा, एका लिटर पाण्यात असा ३०० मिलिग्रॅम चुनखडीइतका अंश आहे. तर २० लिटरच्या एका बादलीत सुमारे ३५ ग्रॅम साबण नुसता साका होण्यात जातो. कपड्याला त्यातला कणही लागत नाही. उलट तो साकाच कपड्याच्या धाग्यात बसतो आणि पांढरे कापड करडे दिसते. सुनेच्या हाताचा त्यात काय दोष?

जड आणि खारट यांत मात्र गल्लत करू नका. खारट पाणी जिभेला कळते. जड पाणी गोडही लागू शकते. दोन्ही गुण एकाच पाण्यात असतात असेही होते.

उकळल्याने जाणारा आणि न जाणारा

पाण्याचा जडपणा दोन तऱ्हांचा आहे. एक, पाणी उकळले की जाणारा. उकळताना तो वायू उडून जातो. वायू गेला की चुना पाण्यात विरघळून राहू शकत नाही. तो पांढरा होऊन तळाला आणि कडांना बसतो. चहाच्या भांड्यात, बंबात, कुकरच्या तळाला जे पांढरे पुट दिसते ते हेच. म्हणजे ते पुट ही जमिनीतली चुनखडीच. पाण्यात विरघळून आली आणि तुमच्या भांड्यात पुन्हा दगड झाली.

दुसरा जडपणा उकळल्याने जात नाही. तो चुन्याच्या आणि मॅग्नेशियमच्या वेगळ्या क्षारांचा असतो. त्याला धुण्याचा सोडा लागतो. बहुतेक पाण्यांत दोन्ही तऱ्हा कमीजास्त मिसळलेल्या असतात.

पुष्कळ लोक जड पाण्यात तुरटी फिरवतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो हे खरे. जडपणा मात्र तिने जात नाही. पावसाळ्यात नदीच्या पाण्याला तुरटी जरूर फिरवा. बोअरच्या पाण्याला फिरवून काही हाती लागणार नाही.

एक गमतीची गोष्ट. स्कॉटलंड देशात अ‍ॅबर्डीन येथे थॉमस क्लार्क नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १८४१ साली पाण्यात चुन्याची निवळी घालून पाण्यातला चुना काढण्याची युक्ती शोधली. काट्याने काटा काढावा तसे. निवळी त्या वायूला धरते, आणि वायू गेला की सगळा चुना खाली बसतो. साबणाच्या फेसावरून पाण्याचा जडपणा मोजण्याची रीतही त्यांचीच. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत चुन्याची ही युक्ती अजून वापरतात. पण घरी अंदाजाने चुना घालू नका. माप चुकले तर पाणी आणखी बिघडते.

आता डाळीचे. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात. त्यांना धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ असतो. शिजताना तो सुटतो आणि दाणा मऊ होतो. जड पाण्यातला चुना त्या पदार्थाला घट्ट करतो. मग कितीही जाळ घाला, दाणा सुटत नाही. यावर बायका चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. डाळ शिजते खरी, पण सोड्याने डाळीतले एक जीवनसत्त्व कमी होते आणि चवही जाते. त्यापेक्षा रात्री चुलीवर निखारे उरतात, त्यांवर पातेलेभर पाणी ठेवून चांगले उकळू द्या. निखारे कमी पडले तर वर दोन काटक्या घाला. मग झाकून ठेवा. सकाळी तळ न हलवता वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्या. डाळ त्यातच भिजवा आणि त्यातच शिजवा. चिंच, आमसूल, टोमॅटो हे आंबट पदार्थ डाळ शिजल्यावर घाला. आधी घातले तर साध्या पाण्यातही डाळ लवकर शिजत नाही. आणि उकळूनही शिजलीच नाही, तर समजा की तुमचे पाणी दुसऱ्या तऱ्हेचे आहे. मग त्या डाळीपुरते पावसाचे किंवा दुसऱ्या विहिरीचे पाणी आणणे हेच बरे.

कपड्यांसाठी धुण्याचा सोडा. २० लिटरच्या बादलीला एक ते दीड चहाचा चमचा पुरतो. आधी सोडा पाण्यात ढवळावा, पाच-दहा मिनिटे थांबावे, मग साबण लावावा. साबण निम्मा लागेल. हा सोडा पिण्याच्या पाण्यात घालायचा नाही. लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांना लावायचा नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात कालवायचा नाही, कारण तो ते भांडे खातो. केसांना मात्र रिठा उत्तम. रिठ्याचा फेस जड पाण्यातही मोडत नाही. आपल्या आज्या रिठ्याने नाहात होत्या, ते काही उगाच नाही.

बंबाची गोष्ट

आता माझीच फजिती सांगतो. आमच्या घरी तांब्याचा बंब आहे, वडिलांच्या वेळचा. एका थंडीत पाणी तापायला फार वेळ लागू लागला. पूर्वी चार ढलप्यांत काम व्हायचे, आता आठ लागायच्या. वरचे झाकण काढून आत हात घातला तर बोटभर जाडीचा पांढरा थर. मी म्हटले, एवढेच ना? लोखंडी छिन्नी घेतली आणि थर फोडायला बसलो. थर निघाला. त्याच्याबरोबर तांब्याचा पत्राही फुटला. तांबट म्हणाला, "गुरुजी, हे तुम्ही मला सांगितलं असतं तर?" बंबाला ठिगळ बसले. ते अजून आहे.

हा थर वाईट का, ते पाहा. तांब्यातून उष्णता झटकन जाते. चुनखडीच्या थरातून ती शेकडो पटींनी सावकाश जाते. म्हणजे जाळ आणि पाणी यांच्यामध्ये आपण एक दगडी भिंत बांधतो. जळण जास्त लागते. शिवाय पाण्याचा गारवा पत्र्याला मिळत नाही, म्हणून पत्रा फाजील तापतो आणि जोड सुटतात. विजेच्या रॉडचे असेच होते. वर थर बसला की आतली तार जास्त तापून जळते.

दररोज ४० लिटर पाणी तापवणाऱ्या घरात, लिटरला २०० मिलिग्रॅम चुना खाली बसला असे धरले, तर महिन्याला सुमारे पाव किलो चुनखडी होते. सगळी बंबातच राहत नाही, पुष्कळशी पाण्याबरोबर बाहेर जाते. पण वर्षात काय साचेल याचा अंदाज यावा.

थर फोडायचा नाही, विरघळवायचा. आंबट पाण्याने जो विरघळून आला, तो आंबटानेच पुन्हा विरघळतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीही चालते. पण बंबासाठी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व स्वस्त पडते. २० लिटर कोमट पाण्यात २०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून बंबात भरावे. खाली जाळ घालू नये. आत फसफस आवाज येईल. तो तोच वायू, इतके दिवस दगडात कोंडलेला. दोन तासांनी तोटी सोडून पाणी काढावे. थर जाड असला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. पण रात्रभर तसेच ठेवू नये, आंबटाने तांबेही थोडे विरघळते. म्हणून ते पाणी गुरांना पाजू नये. बंब दोनदा साध्या पाण्याने खळखळून धुवावा.

रॉड साफ करायचा असेल तर आधी तो प्लगमधून काढा. हे दोनदा वाचा. मग एका उंच भांड्यात लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून रॉडचा खालचा भाग तेवढा बुडवून ठेवा. मूठ आणि वायर भिजू देऊ नका. कुकरच्या तळच्या पाण्यात वापरलेल्या लिंबाची साल टाकली की तो काळाही पडत नाही आणि पांढराही. नळाच्या तोटीला लिंबाच्या रसात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवावे. ठिबकच्या नळ्यांची छिद्रे बुजतात आणि शेतकरी त्यांत आम्ल सोडतात, तेही याच शास्त्राने.

न्हाणीतली शहाबादी फरशी मात्र जपा. ती स्वतःच चुनखडीचा दगड आहे. लिंबू आणि आम्ल तिलाही खातात.

संडास धुण्याचे तेज आम्ल भांड्यांना कधी वापरू नका. आणि ते आम्ल टीसीएल पावडरीबरोबर कधीही, चुकूनही, एकत्र करू नका. दोन्ही मिळाली की क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीत माणूस गुदमरतो. प्राण जाऊ शकतो.

काळ्या पाण्याचा खेळ

दोन वर्षांपूर्वी गावात पाण्याचे यंत्र विकणारा एक जण आला. त्याने चावडीपुढे टेबल मांडले. दोन ग्लास ठेवले. एकात आमचे बोअरचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत लोखंडी सळ्या असलेले एक उपकरण बुडवले आणि वीज सुरू केली. पाच मिनिटांत आमचे पाणी तपकिरी, मग काळपट झाले. वर घाण फेस. त्याचे पाणी तसेच स्वच्छ. तो म्हणाला, "ही घाण तुम्ही रोज पिता. याने मुतखडा होतो."

लोक घाबरले. आमच्या शेजारचे एक वयस्कर शेतकरी तर इतके घाबरले की त्यांनी पाणी पिणेच कमी केले. वैशाखाचे ऊन, दिवसभर रानात काम, आणि पाणी दिवसाला तीन-चार पेले. आठ दिवसांत चक्कर येऊन पडले. सलाईन लावावी लागली.

त्या खेळातली गोम सांगतो. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची सळई झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. ती घाण पाण्यातली नव्हे, सळईची. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळई झिजत नाही. एवढेच. कोणी हा खेळ दाखवला तर त्याच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि मग वीज सुरू करायला सांगा.

जड पाण्याने माणसाला अपाय होतो असा खात्रीचा पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. चुना आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. मुतखड्याचे एक मोठे कारण म्हणजे पाणी कमी पिणे. म्हणून भीतीने पाणी तोडणे हा उलटाच उपाय झाला. ज्याला खडा आधीच झालेला आहे त्याने डॉक्टरांना विचारून वागावे.

याचा अर्थ सगळेच पाणी पिण्यालायक असा नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट हे दोन क्षार खरोखर वाईट. ते ना दिसतात, ना चवीला कळतात. उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने वाढतात. फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडतात. नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक. यासाठी पाणी तपासूनच घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. गावातला जलसुरक्षक नमुने नेतो, त्याला विचारा. अहवालात 'एकूण काठिण्य' असा शब्द असतो. तो जडपणा. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत तो चांगला, आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असे २०१२ च्या मानकात आहे. फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत असावे, नायट्रेट ४५ च्या आत.

अहवाल वाचून मग यंत्र घ्यायचे की नाही ते ठरवा. क्षार फार असतील तर ते उपयोगी आहे. पण घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर बाहेर सोडते. आमच्यासारख्या दुष्काळी गावाला ते परवडत नाही. घेतलेच तर ते सोडलेले पाणी भांडी विसळायला, ओटा धुवायला धरून ठेवावे.

डाळीला आणि चहाला उत्तम पाणी आभाळातून फुकट येते. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. तीस चौरस मीटरचा पत्रा आणि वर्षाचा ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर १५,००० लिटर. गळती-सांडणी जाऊन १२,००० तरी हाती येतील. एवढे साठवायला टाकी कुठली आणणार? पण १,००० लिटरची टाकी ठेवली आणि रोज पाच लिटर काढले तरी २०० दिवस जातात. पहिले एक-दोन पाऊस वाहू द्यावे, पत्रा धुऊन निघतो. मग फडके बांधून पाणी घ्यावे. टाकीचे झाकण घट्ट असावे, नाहीतर डास होतात. पिण्यासाठी घेतलेत तर उकळून घ्या.

ती पंचगंगेकाठची सून आता दोन मुलांची आई आहे. तिच्या दारात पन्हाळीखाली अशी एक टाकी आहे. सासूबाई थकल्या आहेत. पण मृगाचा पाऊस आला की खाटेवरूनच ओरडतात, "अगं, पहिलं पाणी जाऊ दे. मग फडकं बांध."